ओठ आधी हलले, आवाज मागून आला

नवा साऊंडबार घरात आला की पहिले काही दिवस कौतुकात जातात. जुन्या गाण्यांतला तबला मोकळा ऐकू येतो, क्रिकेटच्या मैदानावरची गर्दी खोलीभर पसरते. मग एका संध्याकाळी कुणीतरी म्हणतं, "बातम्या देणारीचे ओठ आणि आवाज जुळत नाहीयेत." शेजारी बसलेलं माणूस पडद्याकडे बघतं आणि म्हणतं, "जुळतायत की!" दोघं एकाच सोफ्यावर बसलेली, समोर एकच पडदा, कानावर येणारा आवाज एकच. तरी वाद मिटत नाही, कारण दोघंही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक असतात.

या बिघाडाला सगळीकडे 'लिप सिंक'चा बिघाड म्हणतात. तो दुरुस्त करायचे मार्ग ठरलेले आहेत आणि बहुतेकदा ते लागूही पडतात. पण त्याच्या तळाशी जो प्रश्न आहे त्यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं वाद घातला आहे. डोळ्यांना एक गोष्ट कळते, कानांना दुसरी, आणि माणूस म्हणतो की दोन्ही 'एकाच वेळी' घडल्या. हे 'एकाच वेळी' कुठे घडतं? बाहेरच्या जगात, इंद्रियांत, की मनात?

आधी यंत्राचं पाहू. आजचा टीव्ही आलेलं चित्र जसंच्या तसं दाखवत नाही. तो ते साफ करतो, मोठं करतो, रंग सुधारतो. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेली तिसरी चौकटही घालतो. अशी मधली चौकट बनवायला पुढची चौकट हातात यावी लागते, म्हणून टीव्हीला थांबणं भाग असतं. सेकंदाला २५ चौकटी असतील तर एका चौकटीसाठी थांबणं म्हणजे ४० मिलिसेकंद. अशा दोन-तीन चौकटी साठल्या की चित्र सेकंदाच्या दहाव्या भागानं मागे पडतं. टीव्हीला हे ठाऊक असतं, म्हणून स्वतःच्या स्पीकरचा आवाज तो तेवढाच रोखून धरतो. साऊंडबार जोडला की हा जमाखर्च विस्कटतो, कारण बारला आवाज उलगडायला स्वतःचा वेळ लागतो आणि टीव्हीनं किती वेळ खाल्ला हे त्याला कळेलच असं नसतं.

दुरुस्तीला लागण्यापूर्वी दुसरं चॅनेल लावून बघावं. दोष कधीकधी प्रक्षेपणातच असतो. बार ब्लूटूथनं जोडलेला असेल तर आवाज हमखास मागे पडतो, कारण आवाज आवळून, हवेतून पाठवून पुन्हा उलगडण्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. तिथे सेटिंगशी झगडण्यापेक्षा एचडीएमआयची केबल लावावी. २००९मध्ये आलेल्या एआरसीमुळे टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलटा बारकडे जाऊ लागला, आणि नंतरच्या ईएआरसीत कोण किती उशीर करतंय हे दोन्ही यंत्रं एकमेकांना सांगू शकतात. आवाज पुढे पळत असेल तर बारमधल्या 'ऑडिओ डिले'नं तो थोडा थोडा मागे ओढता येतो. आवाज मागे असेल तर मात्र कुठलंही बटण त्याला पुढे आणू शकत नाही. अजून न आलेला आवाज आधी वाजवणार कसा? तिथे टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम', म्हणजे न आवळलेला आवाज, निवडून बारचं उलगडण्याचं काम कमी करता येतं. तेवढ्यानं भागलं नाही, तर चित्राला आणखी थांबवण्यावाचून मार्ग राहत नाही.

प्रसारणाच्या जगात या चुकीची मर्यादा मोजलेली आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८च्या शिफारशीप्रमाणे आवाज ओठांच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकांना खटकू लागतं, पण मागे पडला तर ते १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. मागे पडण्याला माफी जवळजवळ तिप्पट! याचं कारण निसर्गात दिसतं. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दर मीटरला त्याला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात, आणि प्रकाश तर घराच्या अंतरात क्षणार्धाच्याही आत पोचतो. नदीच्या पलीकडच्या काठावर कुणी धुणं आपटत असेल तर हात खाली आलेला आधी दिसतो, आवाज मागून येतो. विजेचं तेच. आवाज मागे राहणं माणसाच्या सवयीतलं आहे. आवाज चित्राच्या आधी येणं निसर्गात घडतच नाही, आणि म्हणून ते पटकन बोचतं.

हाच उशीर न्यायदर्शनात एक महत्त्वाचा पुरावा म्हणून आला आहे. मीमांसा दर्शन मानणाऱ्या मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे, आघातानं तो फक्त प्रकट होतो. गौतमाच्या न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनांनी त्यावर लाकूडतोड्याचा दाखला दिला. कुऱ्हाड लाकडावर बसते आणि वर उचललीही जाते, लाकडाशी तिचा संयोग संपतो, आणि त्यानंतर दूर उभ्या माणसाला आवाज ऐकू येतो. संयोग जर शब्दाला फक्त प्रकट करत असता, तर संयोग संपल्यावर शब्द ऐकू येता कामा नये. म्हणून पहिला शब्द दुसऱ्याला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि या मालिकेतला कानाशी पोचलेला शब्द तेवढा ऐकू येतो. मीमांसकांकडेही उत्तर होतं: शबरस्वामी म्हणतात की आघातानं ढकललेली हवा शेजारच्या हवेला रेटत सगळ्या दिशांना जाते आणि वेग असेपर्यंत पुढे सरकते. आजचं भौतिकशास्त्र दोघांच्याही पदरात काहीतरी टाकतं, हवा मीमांसकांची आणि मालिका न्यायदर्शनाच्या नैयायिकांची. पण दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य होती, आणि ती फार मोलाची आहे. ऐकलेलं हे घडलेल्याच्या नंतरचं असतं.

मग पाहिलेलं आणि ऐकलेलं एकत्र येतं कसं? न्यायदर्शनाचं उत्तर धारदार आहे. मन अणुएवढं आहे, ते एका वेळी एकाच इंद्रियाला जोडलं जातं, म्हणून एका क्षणी एकच ज्ञान होतं. अनेक ज्ञानं एकदम होत नाहीत, हीच मनाच्या असण्याची खूण. पण माणसाला तर एकदम दिसतं आणि ऐकू येतं! सूत्रकार गौतम म्हणतात, तो वेगाचा भास आहे. जळतं कोलीत गरागरा फिरवलं की आगीचं अखंड कडं, म्हणजे अलातचक्र, दिसतं. कोलीत मात्र प्रत्येक क्षणी एकाच जागी असतं. मन डोळ्यांकडून कानांकडे इतक्या चपळाईनं जातं की मधला क्रम हरवतो. या दृष्टीनं पाहिलं तर टीव्हीवरचं चलतचित्र म्हणजे अलातचक्रच, आणि ओठ-आवाजाची जुळणी हीसुद्धा.

आठव्या शतकात नालंदेच्या परंपरेतले बौद्ध पंडित शांतरक्षित यांनी 'तत्त्वसंग्रहा'त या उत्तराला जे आव्हान दिलं ते आजही ताजं वाटतं. त्यांचे शिष्य कमलशील आपल्या टीकेत मैफलीतल्या माणसाचं वर्णन करतात: तो नर्तकीकडे पाहतोय, त्याच वेळी गाणं ऐकतोय, तोंडात कापराचा स्वाद आहे, नाकाशी फुलाचा वास, अंगावर पंख्याचा वारा, आणि मनात बक्षीस काय द्यावं याचा विचार. हे सगळं एकदम होतं असंच अनुभव सांगतो. तो निव्वळ वेगाचा भास असेल, तर शांतरक्षित विचारतात, 'लता' आणि 'ताल' हे शब्द वेगळे ऐकू का येतात? अक्षरं तीच आहेत आणि तीही अतिशय चटकन एकामागून एक येतात. वेगानं क्रम पुसला जात असेल तर इथेही पुसला जायला हवा होता.

हा युक्तिवाद विलक्षण आहे, कारण तो डोळ्याचं उदाहरण बाजूला ठेवून कानाकडे जातो. डोळा वेगापुढे हरतो. सेकंदाला २४ चित्रं दाखवली की तो त्यांचा ओघ करून टाकतो. कान मात्र दोन-तीन मिलिसेकंदांची फटसुद्धा पकडू शकतो. दोन इंद्रियांची घड्याळं वेगळ्या बारकाईची आहेत, आणि वेगळ्या वेगाचीही. कानातल्या केसपेशी ध्वनीला जवळजवळ तत्काळ प्रतिसाद देतात, डोळ्याच्या पडद्याला प्रकाशाचा संदेश बनवायला त्याहून कितीतरी जास्त मिलिसेकंद लागतात. म्हणून समोरचा माणूस साधारण दहा मीटरवर असेल तर हवेतला ध्वनीचा उशीर आणि डोळ्यातला उशीर जेमतेम सारखे होतात. त्याहून जवळच्या किंवा दूरच्या प्रत्येक संभाषणात मेंदू तफावत सांभाळून घेत असतो, आणि कुणाला ते जाणवत नाही.

सांभाळून घेण्याची ही तयारी कुठवर जाते हे १९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं. पडद्यावर ओठ 'गा' म्हणत होते, आवाज 'बा'चा होता, आणि पुष्कळ लोकांना 'दा' ऐकू आलं. 'दा' कुणी उच्चारलाच नव्हता. २००४ साली जपानी संशोधकांच्या एका गटानं माणसांना काही मिनिटं ठरावीक फरकानं प्रकाशाचे ठिपके दाखवले आणि आवाज ऐकवले. नंतर त्यांच्यासाठी 'एकाच वेळी'ची जागाच त्या फरकाकडे सरकली. साऊंडबारशी झटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तासभर बिघडलेला कार्यक्रम पाहून मग सेटिंग बदलायला बसलं तर मोजपट्टी आधीच वाकलेली असते. तपासणी ताज्या डोळ्या-कानांनी करावी, आणि संवादापेक्षा टाळी किंवा तबल्यावरची थाप घ्यावी, कारण तिथे क्षण नेमका असतो.

या सगळ्यातून काय हाती लागतं? दोन ज्ञानांना बांधणारं काहीतरी इंद्रियांच्या पलीकडे आहे हे नैयायिकांचं म्हणणं खरं ठरतं. ते काहीतरी एका वेळी एकाच दारात उभं राहतं, हे मात्र टिकत नाही. शांतरक्षितांचा आक्षेप तिथे भेदून जातो. आणि 'आत्ता' म्हणून जे अनुभवाला येतं ते घडून गेलेल्या गोष्टींची थोड्या उशिरानं, ज्याच्या-त्याच्या मनानं केलेली जुळवणी असते. सौत्रांतिक बौद्धांनी तर म्हटलंच होतं की ज्ञान उपजतं तेव्हा त्याला जन्म देणारी वस्तू निघून गेलेली असते.

ही जुळवणी माणसागणिक वेगळी असते, आणि त्याची किंमत एका माणसानं नोकरी गमावून मोजली आहे. १८व्या शतकात ग्रिनिचच्या वेधशाळेत तारा दुर्बिणीतल्या तारेवरून कधी जातो हे डोळ्यांनी पाहत, त्याच वेळी घड्याळाचे ठोके कानांनी मोजत नोंदवलं जाई. राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलिन यांच्या लक्षात आलं की आपले मदतनीस डेव्हिड किनब्रुक यांच्या नोंदी आपल्यापेक्षा सुमारे ०.८ सेकंद उशिराच्या येतात. समज देऊनही फरक गेला नाही, आणि १७९६ साली किनब्रुकना काढून टाकण्यात आलं. मॅस्केलिनचं 'आत्ता' प्रमाण मानलं गेलं, कारण ते वरिष्ठ होते. पुढे कोनिग्सबर्गच्या वेधशाळेतल्या फ्रीडरिश बेसेल यांनी हा प्रसंग वाचून निष्णात खगोलवेत्त्यांशी स्वतःच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर त्यांच्यातही सेकंदाच्या आसपास फरक निघाला. किनब्रुक निष्काळजी नव्हते. त्यांच्या डोळ्या-कानांची गाठ वेगळ्या ठिकाणी पडत होती, एवढंच.

सोफ्यावरच्या वादात म्हणूनच 'तुला भास होतोय' हे उत्तर अन्यायाचं आहे, विशेषतः घरात ऐकू कमी येणारं कुणी असेल तेव्हा. गोंगाटात ओठ दिसले तर शब्द कितीतरी जास्त समजतात, हे सम्बी आणि पोलॅक या संशोधकांनी १९५४ सालीच प्रयोगानं दाखवलं होतं. ज्या आजींचे कान मंदावले आहेत त्या बातम्या बऱ्याच अंशी ओठांवरून ऐकतात. आवाज ओठांपासून सुटला की इतरांना नुसतं खटकतं, त्यांचे मात्र शब्दच हरवतात. मग त्या आवाज वाढवायला सांगतात, आणि सगळे म्हणतात की साऊंडबार घेऊनही काही उपयोग झाला नाही. अशा घरात 'ऑडिओ डिले'चं बटण दाबताना रिमोट कुणाच्याही हातात असू दे, "आता जुळलं का?" हे आजींना विचारावं, आणि त्या "हो" म्हणतील तो आकडा तसाच ठेवावा.