अखेरच्या निर्णयाचे आप्त कोण?



देह हेच देवालय, हे आपण बसवण्णांकडून शिकलो. पण हे देवालय मोडकळीस येते, शुद्ध हरपते, नाकात नळी आणि छातीला यंत्र लागते, आणि डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, "पुढे काय करायचे?" तेव्हा उत्तर कोणी द्यावे? थोरल्या मुलाने, पत्नीने, की बिल भरणाऱ्याने? बहुधा परगावाहून उशिरा आलेला नातलगच सर्वांत मोठ्याने बोलतो!

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांची हकिकत येथे आठवते. त्या मूळच्या उत्तर कन्नडातील हळदीपूरच्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात त्यांच्यावर अत्याचार झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूला इजा झाली आणि १८ मे २०१५ पर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या खाटेवरच होत्या. आईवडील गेले, नातलग दूर झाले. न्हाऊ घालणे, भरवणे, कूस बदलणे परिचारिकांनी केले. एक पिढी निवृत्त झाली की दुसरीने. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न थांबवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. ७ मार्च २०११ रोजी तो नामंजूर झाला. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने विराणींना नव्हे, के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांना दिला.

मादार चेन्नय्या, ढोर कक्कय्या यांना आपले आप्त म्हणणाऱ्या बसवण्णांच्या अनुयायांना हे नवे वाटू नये. आप्तपण रक्ताने नव्हे, दासोहाने सिद्ध होते. तरी एक गोष्ट उरतेच. सेवा करणाऱ्यालाही मोह असतो. "मला सोडवत नाही" हे माझे दुःख. ती रुग्णाची इच्छा नव्हे. अरुणांना काय हवे होते, हे कोणालाच विचारता आले नाही.

म्हणून ९ मार्च २०१८ चा निकाल महत्त्वाचा. शुद्धीवर असताना आपली इच्छा लिहून ठेवण्यास न्यायालयाने मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी रीत सोपी केली. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या एकाहून अधिक जवळच्या माणसांची नावे, एवढे लागते. कागद असला तरी डॉक्टरांची दोन मंडळे तपासणी करतातच. कागद नसेल तर घरच्यांच्या संमतीने हीच वाट चालावी लागते.

"मग आम्हीच मारले असे होईल ना?" असे एखादी सून रडत विचारते. नाही, माय. सुई टोचून प्राण घेणे कायद्याला मान्य नाही आणि शरणधर्मालाही नाही. बरे होण्याची आशा संपल्यावर केवळ श्वास ओढत ठेवणारे यंत्र थांबवणे वेगळे. वेदना शमवण्याचे औषध, ओठ ओले करणे, कपाळी विभूती, हातात हात हे काही थांबत नाही. शरणांनी मरणाला सण मानले. सणाच्या दिवशी घरची माणसे काचेबाहेर उभी राहत नाहीत.

आणखी एक. अतिदक्षता विभागात अंगावरचे सारे उतरवतात, त्यात इष्टलिंगही जाते. ते रुग्णाजवळ ठेवू द्यावे, अशी विनंती डॉक्टरांना आधीच करावी. आपल्या कागदात हेही लिहावे, आणि कागद कोणत्या कपाटात आहे ते घरच्या दोघांना तरी आजच सांगावे.