अनुदान, ऋण आणि दाय

विद्यापीठाने आपल्या अध्यापकाला परदेशातील परिषदेसाठी, एखाद्या ग्रंथालयातील हस्तलिखिते पाहण्यासाठी किंवा तेथील विद्यापीठात सत्रभर राहण्यासाठी पैसे दिले, की त्या पैशांचा विचार सामान्यतः हिशेबखात्यापाशी संपतो: विमानाचे तिकीट, निवासाची पावती, उपयोगिता प्रमाणपत्र आणि अखेरीस एक अहवाल. परंतु हे पैसे मुळात कोणाचे, आणि अध्यापक ते कोणत्या अधिकाराने खर्च करतो, हा प्रश्न पावत्यांनी सुटणारा नाही. जो मनुष्य स्वतः धान्य पिकवत नाही, कापड विणत नाही, आणि तरीही ज्याच्या निर्वाहाचा व प्रवासाचा भार समाज उचलतो, त्याने त्या भाराकडे कसे पाहावे, हा धर्मविचारातील जुना प्रश्न आहे. भारतात त्याचा सर्वांत बारकाईने विचार कोणी केला असेल तर तो भिक्षुसंघाने, कारण संघाचे सारे जीवनच परक्याच्या दानावर उभे होते.

दात्याची बाजू पाहायची असेल तर नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांतील, दहाव्या क्रमांकाच्या लेण्याकडे वळावे लागते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे कोरविलेल्या लेखात तीन हजार कार्षापणांच्या, म्हणजे त्या काळच्या नाण्यांच्या, अक्षयनीवीची नोंद आहे. अक्षयनीवी म्हणजे ज्याच्या मुद्दलाला हात लावायचा नाही आणि ज्याचे केवळ व्याज वापरायचे असा कायमचा निधी. यांपैकी दोन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक या दराने, आणि उरलेले एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले होते. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातील मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत अशी तरतूद आहे. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस आणि वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंचे बारा-बारा धरले तरी बेरीज तीच येते. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला गेला होता, म्हणजे सार्वजनिक लेखापरीक्षणाची जाणीवही त्यात आहे. परंतु लेखातील खरे महत्त्वाचे पद निराळेच आहे: हे दान ‘चातुर्दिश’ संघाला, चारही दिशांतून येणाऱ्या भिक्षूंना दिलेले आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या मागांवर वाढलेला पैसा कोणत्या प्रदेशातल्या, कोणती भाषा बोलणाऱ्या भिक्षूच्या अंगावरचे वस्त्र होणार, हे दात्याने ठरवले नाही. हिशेब काटेकोर आणि लाभार्थी मात्र दिशाबंधनापासून मोकळा, ही जोडी उच्च शिक्षणाच्या आजच्या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या योजनांना क्वचितच साधलेली दिसते.

घेणाऱ्याची बाजू पाचव्या शतकात बुद्धघोषाने श्रीलंकेत रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या शीलविषयक पहिल्याच प्रकरणात येते. भिक्षूला लागणाऱ्या चार गोष्टींना, म्हणजे चीवर, भिक्षान्न, निवास आणि औषध यांना, पाली परंपरेत ‘पच्चय’ म्हणतात. या पच्चयांच्या वापराचे बुद्धघोष चार प्रकार करतो. शीलभ्रष्ट मनुष्य संघात बसून दान वापरतो तो थेय्यपरिभोग, म्हणजे चोरीचा वापर. शीलवान मनुष्य विचार न करता वापरतो तो इणपरिभोग, म्हणजे कर्जाऊ वापर. मार्गावर पोहोचलेले पण अद्याप शिकत असलेले साधक वापरतात तो दायज्जपरिभोग, म्हणजे वारशाचा वापर, कारण ते बुद्धाचे पुत्र मानले जातात. आणि तृष्णेची गुलामी संपवलेला अर्हत् वापरतो तो सामिपरिभोग, म्हणजे धन्याचा वापर. दुसऱ्या प्रकाराचे विवेचन विशेष कठोर आहे. चीवर अंगावर घेताना दरवेळी आणि अन्न खाताना घासाघासाला, आपण हे कशासाठी वापरत आहोत याचा विचार व्हावा. तसे जमले नाही तर निदान जेवणाआधी, जेवणानंतर किंवा रात्रीच्या प्रहरांत तरी व्हावा. तोही न होता पहाट उजाडली, तर तो भिक्षू कर्जदार ठरतो. त्याने काही चोरलेले नसते, नियम मोडलेला नसतो, तरीही तो ऋणात असतो. उलट शीलवान मनुष्याने विचारपूर्वक केलेला वापर ऋणमुक्त आहे, आणि अशा शिकणाऱ्याची गणना वारसदारांतच करता येते, अशी सवलतही बुद्धघोष देतो. साध्या, अपूर्ण माणसासाठी ठेवलेली ही वाट हाच या विवेचनाचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

याच ग्रंथाच्या संपादनाशी एका मराठी अध्यापकाच्या परदेशगमनाची कथा निगडित आहे, हा योगायोग लक्षणीय आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधात घर सोडून पुणे, काशी, नेपाळ असे फिरत श्रीलंकेत पोहोचले, तेथे श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित भिक्षू, झाले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. या काळात विद्यापीठाचे अनुदान त्यांच्यापाशी नव्हते; विहारांना मिळणारे दान हाच त्यांचा निर्वाह होता. परतल्यावर कलकत्त्याला पालीचे अध्यापन करीत असताना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्यापुढे महिना पन्नास रुपयांचा प्रस्ताव ठेवला. अट एवढीच होती की त्यांनी महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाकाठी एक ग्रंथ लिहून द्यावा. कोसंबींनी अधिक वेतनाची जागा सोडून तो स्वीकारला. जो अध्यापक आधीच समुद्रापार जाऊन ज्ञान घेऊन आला होता, त्याला पुन्हा बाहेर पाठवण्यासाठी नव्हे, तर आणलेले मराठीत उतरवण्यासाठी दिलेला हा निधी होता. आंतरराष्ट्रीयीकरणाचा हा अर्धा भाग आजच्या अर्जांच्या नमुन्यांत बहुधा हरवलेला असतो.

त्यानंतर हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्या पुढाकाराने कोसंबी १९१० मध्ये अमेरिकेला गेले. हेन्री क्लार्क वॉरन या अभ्यासकाने हाती घेतलेले ‘विसुद्धिमग्ग’चे संपादन १८९९ मध्ये त्याच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते, आणि ते तडीस नेण्यासाठी पाली परंपरेत मुरलेला विद्वान हवा होता. परंतु ज्येष्ठ संपादक चार्ल्स लॅनमन यांच्याशी ग्रंथावरील श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद झाले आणि १९१२ मध्ये कोसंबी परतले. पुढे ते पुन्हा पुन्हा हार्वर्डला गेले. तरीही ती आवृत्ती प्रसिद्ध व्हायला १९५० उजाडले, आणि तोवर, १९४७ मध्ये, कोसंबींचे निधन झालेले होते. दरम्यान १९४० मध्ये त्यांनी भारतीय विद्या भवनातर्फे ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत छापून घेतला होता. ग्रंथालय, वेतन व छपाईचा खर्च ज्याचा, ग्रंथही त्याचाच, ही धन्याची भूमिका या वादाच्या मुळाशी होती. बुद्धघोषाच्या मापाने ती भूमिका केवळ अर्हताला शोभते, आणि कोणतेही विद्यापीठ किंवा कोणताही प्राध्यापक अर्हत् नसतो. म्हणून पैसे देणाऱ्याचा तो दावा टिकत नाही, आणि अनुदान म्हणजे आपल्या गुणवत्तेचे बक्षीस असे मानणाऱ्या अध्यापकाचाही टिकत नाही.

आजच्या व्यवस्थेची भाषा मुख्यतः कर्जाची आहे. अमुक शोधनिबंध, तमुक करारपत्रे, परतल्यानंतर ठरावीक वर्षांची सेवा, अशा हप्त्यांनी फेड मागितली जाते. चोरीला आळा घालण्यासाठी या अटी लागतात हे मान्य करावे लागेल, कारण परिषदेच्या नावाखाली पर्यटन करून येणारे अध्यापक असतातच, आणि त्यांच्या तिकिटात तालुक्याच्या महाविद्यालयात शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्याचा वाटा असतो. परंतु कर्जाची भाषा मूळ नाते चुकीचे मांडते. बडोदा संस्थानाने १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवताना दहा वर्षांच्या सेवेचा करार करून घेतला होता. ते १९१७ मध्ये त्या सेवेसाठी बडोद्याला आले तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना, आणि अखेर शहर सोडावे लागले. करारातली सेवा अपुरी राहिली. त्या शिक्षणाचे फळ मात्र ज्यांच्याशी कोणताही करार झाला नव्हता अशा कोट्यवधींच्या पदरी पडले.

वारसदाराचे कर्तव्य ऋणकोच्या कर्तव्याहून वेगळे असते. ऋणको धनकोला परत करतो आणि मोकळा होतो. वारसदार मागच्याला काहीच परत करीत नाही, तो पुढच्याला देतो, आणि त्याची ही जबाबदारी फिटत नाही. अध्यापकाच्या परदेशवासाला हे माप लावले, तर पाहण्याची गोष्ट ही की तो परतल्यावर वर्गातला अभ्यासक्रम बदलला का, जी भाषा त्याने तेथे शिकली ती येथे कोणाला शिकवली का, जे ग्रंथ त्याने तेथे पाहिले त्यांची वाट कोणत्या विद्यार्थ्याला दाखवली. यांतले पुष्कळसे वर्षभराच्या अहवालात मावत नाही. यावर एक रास्त आक्षेप असा की अंतःकरणातल्या विचाराची तपासणी प्रशासन करू शकत नाही. ते खरेच आहे. बुद्धघोषानेही ती तपासणी दुसऱ्यावर सोपवलेली नाही, ती ज्याची त्याने पहाट होण्यापूर्वी करायची आहे. प्रशासनाला एवढे निश्चित करता येईल की निधीचा एक हिस्सा जाण्यासाठी असावा आणि तितकाच हिस्सा, सयाजीरावांनी दिला तसा, परतून आपल्या भाषेत लिहिण्या-शिकवण्यासाठी असावा.

कोसंबी १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी पु. वि. बापट पुढे स्वतः हार्वर्डला गेले आणि सहाव्या शतकातील चिनी अनुवादाच्या रूपाने टिकून राहिलेल्या ‘विमुत्तिमग्ग’ची ‘विसुद्धिमग्ग’शी तुलना करणारा त्यांचा प्रबंध १९३७ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाला.