जन्माचा दोष कोणाच्या माथी?

वाचकहो, खंडाळ्याहून रेल्वेने घाट उतरताना १८६३ हे साल आठवावे. त्या वर्षी बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले.

विधवेला पुनर्विवाह करू न देणाऱ्या घराण्यांत एखादीला दिवस गेले, की पुरुष नामानिराळा राही. तिच्यापुढे मात्र विहीर तरी असे, नाहीतर नवजात बाळाचा गळा. या गृहात ती गुप्तपणे बाळंत होऊ शके. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याने रुग्णांची सेवा केली.

व्यभिचार हे इस्लाममध्ये महापाप आहे, यात तडजोड नाही. म्हणूनच शरीअतने विवाह सोपा केला. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पहिल्या पत्नी हजरत खदीजा (र.) विधवाच होत्या. परंतु पाप करणाऱ्याचे असते, जन्मणाऱ्याचे नव्हे. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे दिव्य कुरआनने बनी इस्राईल या सूरहमध्ये स्पष्ट केले आहे. गामिद कबिल्यातील स्त्रीने आपल्या अपराधाची कबुली दिली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिला आधी प्रसूतीपर्यंत आणि मग बाळाचे दूध सुटेपर्यंत परत पाठविले, असे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. शिक्षेआधी बाळाचा हक्क पाहिला गेला.

असे मूल आईच्या वंशाचे असते व तिचा वारसा त्याला मिळतो. त्याचे संगोपन करणे पुण्याचे आहे. मात्र वंश लपवून त्याला आपले नाव लावण्याची परवानगी नाही. ज्यांचे पिते ठाऊक नाहीत, त्यांना सूरह अहजाबने धर्मबंधू म्हटले आहे. बंधू या शब्दाहून मोठे नाव कोणते?

मग आपल्या मोहल्ल्यात अशा मुलाला जन्मावरून शिवी देणारी जीभ कोणत्या धर्माची? त्याच्या आईविषयी चार साक्षीदारांशिवाय कुजबुजणाऱ्याला सूरह नूरने ऐंशी फटक्यांचा अपराधी ठरविले आहे, हेही विसरू नये. पुढच्या वेळी अशी कुजबुज कानी पडली, तर ती आपल्यापाशीच थांबवा आणि त्या मुलाला आपल्या मुलांच्या पंगतीत बसवा. जिवंत पुरलेल्या मुलीला कोणत्या अपराधासाठी मारले, हे ज्या दिवशी विचारले जाईल, त्या दिवशी बोलून बोलून एखाद्या जिवाला पुरणाऱ्यांनाही उत्तर द्यावेच लागेल. अल्लाह आपल्याला त्या प्रश्नापूर्वीच सद्बुद्धी देवो. आमीन.