जहाजाची भरपाई

डॅनियल हेडरिक या अमेरिकी इतिहासकाराने उभी हयात एका प्रश्नामागे घातली : यंत्राने सत्ता येते ती कशी? १९८१च्या ‘द टूल्स ऑफ एम्पायर’मध्ये ते दाखवतात, की आगबोट, कोयनेल आणि नव्या बंदुकांनी साम्राज्य स्वस्त केले आणि हाव आवाक्यात आली. मग दोष हत्याराचा की हाताचा?

गलोंडा ज्या नगर हवेलीत मोडतो, तिचेच पाहा. मराठी आरमाराने १७७२ साली पोर्तुगीजांचे ‘सांताना’ जहाज पकडले. १७७९च्या तहात त्याची भरपाई ठरली, आणि १७८३त इथल्या गावांचा महसूल पोर्तुगीजांकडे गेला. आगबोट तर तेव्हा यायचीच होती, कागद पुरला. वारल्या-कोकण्यांना कोणी विचारले नाही, आणि लिहून देणारे पेशवे आपलेच. साम्राज्याला नावे ठेवताना ही गोष्ट आपण मराठी माणसे सोयीने विसरतो.

१९५४त भारताने वाट अडवली, दमणची कुमक अडकली, सिल्वासा २ ऑगस्टला मुक्त झाले. १९६० साली हेगच्या न्यायालयाने जुना तह तपासून म्हटले, मराठ्यांनी महसूल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे. मधली पावणेदोनशे वर्षे सारा भरणाऱ्याला हा फरक कोणी सांगितला होता?