विरळ जागी पसरणारा कर्करोग आणि कर्मफलाचा प्रश्न

जठराच्या व आतड्याच्या कर्करोगाचे पसरण्याचे मार्ग बहुधा ठरलेले असतात. आतड्यातले रक्त आधी यकृतात जाते, म्हणून दुय्यम गाठी प्रथम तिथेच आढळतात, त्यानंतर फुफ्फुसात. क्वचित मात्र हा रोग अनपेक्षित जागी प्रकटतो. डाव्या गळपट्टीच्या हाडावरची गाठ पोटातल्या कर्करोगाची खूण असू शकते, हे रुडॉल्फ फिरखो यांनी 1848 मध्ये दाखवले. बेंबीतल्या गाठीला सिस्टर मेरी जोसेफ या ख्रिस्ती जोगिणीचे नाव मिळाले. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे शस्त्रक्रियेत साहाय्य करताना या गाठीचे महत्त्व त्यांच्या ध्यानात आले होते. त्वचा, मेंदू, हिरड्या याही जागा विरळच.

रोग असा आडवाटेने गेला की ‘इथेच का?’ या प्रश्नाला ‘यालाच का?’ हा दुसरा प्रश्न चिकटतो, आणि उत्तर म्हणून पूर्वजन्मीचे पाप पुढे केले जाते. हे उत्तर तपासून पाहिले पाहिजे.

पहिल्या प्रश्नाचा विचार इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये केला. कर्करोगाच्या पेशी बियांसारख्या सर्वत्र वाहून जातात, पण अनुकूल जमिनीतच रुजतात, असे त्यांनी मांडले. रक्त व लसिका यांचे प्रवाह आणि त्या-त्या अवयवाची अनुकूलता यांवर रोगाची जागा ठरते. रक्तात शिरलेल्या बहुतेक पेशी मरतात. एखादी कुठे तगेल हे आधी सांगता येत नाही. इथे नियम आहे आणि यदृच्छाही आहे. रोग्याचे चारित्र्य मात्र या कारणांत कुठेच येत नाही.

कर्मवादी यावर म्हणेल की कर्म याच कारणांच्या द्वारे फळ देते. हा पक्ष सहज खोडता येत नाही. पण गाठ यकृतात आली तरी प्रारब्ध आणि बेंबीत आली तरी प्रारब्ध, असे म्हटले की या विशिष्ट जागेचा उलगडा होत नाही. शिवाय ते पूर्वकर्म कोणते, हे कोणालाच ठाऊक नसते. फळावरून पाप गृहीत धरायचे आणि त्याच पापाने फळ सिद्ध करायचे, हा अन्योन्याश्रय दोष होय.

भारतीय परंपरेलाही हा विवेक होता. संयुत्तनिकायातील मोळियसीवक सुत्तात बुद्ध वेदनेची आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम वर्तन, बाह्य आघात आणि कर्मविपाक. प्रत्येक अनुभव पूर्वकर्मामुळेच येतो, हे मत ते अमान्य करतात. चरकसंहितेचे विमानस्थानही आयुष्य केवळ दैवाधीन मानत नाही. दैवाला पुरुषकाराची, म्हणजे मानवी प्रयत्नाची, जोड देते. सर्व काही आधीच ठरलेले असेल तर औषध आणि पथ्य व्यर्थ ठरतील, हा त्यामागचा युक्तिवाद.

यावरून कर्मसिद्धांत टाकाऊ ठरत नाही. त्याची मर्यादा स्पष्ट होते. आपल्या हातून पुढे काय घडावे याची जबाबदारी तो माणसावर टाकतो. दुसऱ्याच्या दुखण्यावरून त्याचा न्याय करण्याचा अधिकार तो कोणालाही देत नाही. रोग्याला दोषी ठरवणारा त्याच्या वेदनेत अपराधाची भर घालतो, आणि तेही पुराव्यावाचून. ‘इथेच का?’ याचा शोध वैद्यकाने घ्यावा. ‘यालाच का?’ याचे निश्चित उत्तर कोणापाशी नसले, तरी रोग्याची शुश्रूषा करणे हे जवळच्यांचे कर्म ठरतेच.