पंचसूना आणि सॅन ब्रुनोचा डोंगर

अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याने संरक्षित प्राण्याला मारण्याबरोबरच त्याला इजा पोहोचवणेही निषिद्ध ठरवले. आणि त्याचा अधिवास, म्हणजे जेथे तो खातो, वितो व आसरा घेतो ती जागा, प्राणी प्रत्यक्ष मरतील वा जखमी होतील इतकी बिघडवणे हीसुद्धा इजाच होय, ही त्या कायद्याखालील १९७५ च्या नियमातील भूमिका तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ग्राह्य धरली. शस्त्र न उचलताही हिंसा घडते, हे एका आधुनिक राज्यसंस्थेने मान्य करावे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र १९८२ मध्येच त्या कायद्यात एक वाट ठेवली गेली होती: हानी हा हेतू नसून घरबांधणीसारख्या वैध कामाचा आनुषंगिक परिणाम असेल, आणि ती कमी करण्याची व भरून काढण्याची योजना सादर झाली असेल, तर परवाना मिळू शकतो.

या तरतुदीचा नमुना सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडील सॅन ब्रुनो डोंगरासाठी तेव्हा आखल्या जात असलेल्या योजनेने पुरवला. मिशन ब्लू हे संरक्षित, चिमुकले निळे फुलपाखरू तेथील गवताळ उतारांवर ल्युपिन या रानवनस्पतीच्या तीनच जातींवर अंडी घालते; १९८३ च्या परवान्याने डोंगराच्या काही भागात घरे आली, मोठा भाग राखला गेला, आणि त्याच्या निगेसाठी नव्या घरांवर वार्षिक वर्गणी बसली.

येथे पंचसूनांची आठवण होणे स्वाभाविक आहे. चूल, पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने मानून मनुस्मृती त्यांच्या दोषनिवारणार्थ पंचमहायज्ञ नेमून देते. त्यांतील भूतयज्ञ म्हणजे इतर जीवांसाठी रोज काढून ठेवलेला अन्नाचा वाटा. जैन आचारशास्त्रही ठरवून केलेली ती संकल्पी हिंसा आणि स्वयंपाक, घरबांधणी अशा कामांत घडणारी ती आरंभी हिंसा असा भेद करून श्रावकाला, म्हणजे गृहस्थ अनुयायाला, पहिलीचा पूर्ण त्याग सांगते. सॅन ब्रुनोच्या वर्गणीत भूतयज्ञाचा अंश आहे, हे नाकारता येत नाही.

तरीही साम्य फार दूर जात नाही. चुलीपाशी मेलेल्या मुंगीची जात वारुळात शिल्लक राहते. असे उतार सगळीकडेच संपले तर मिशन ब्लूची जातच संपते, आणि नष्ट झालेल्या जातीसाठी काढलेला वाटा उचलायला कोणी येत नाही. शिवाय चूल पेटवल्यावाचून गृहस्थाचे चालत नाही, घर मात्र याच उतारावर हवे असे नसते. आणि सर्वेक्षण करून हानीचा अंदाज आधीच बांधला गेल्यावर ती निव्वळ आरंभी राहते, की संकल्पाच्या बाजूला झुकते, हा प्रश्न परवान्याने सुटत नाही. उलट, केवळ मनाईनेही फुलपाखरू वाचत नाही, कारण निगा थांबली की युरोपातून आलेली काटेरी गॉर्स आणि इतर झुडपे गवताळ उतार व्यापतात, आणि त्या निगेला पैसा लागतो.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय वन्यजीव यंत्रणांनी अधिवास बिघडवण्यालाही इजा मानणारी ती व्याख्याच रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला; तिच्यावाचून अधिवास मोडणाऱ्याला परवाना मागण्याचे आणि भरपाई देण्याचे कारण बहुतांशी उरत नाही.