आजीच्या गालावरचे डाग

एका मुलाने आजीचा जुना कृष्णधवल फोटो स्कॅन करून आणला आणि तो पडद्यावर दाखवायचा प्रोग्राम स्वतःच लिहिला. दिवस व्हीजीएचे होते. आयबीएमने १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर आणलेली पडद्याची ही व्यवस्था एका रीतीत आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके मांडायची, त्यांत एका वेळी २५६ रंग दाखवायची.

आजी पडद्यावर आली, पण भलतीच. गालावर जिथे उजेड पडला होता, नेमके तिथेच काळे डाग. कपाळावर काळ्या-पांढऱ्या वळ्या. मुलाला वाटलं, स्कॅनच बिघडलं. त्याने चित्र दुरुस्त करायला घेतलं. ठिपका मोठा करून पाहायचा, काळा दिसला की त्याचा आकडा बदलायचा. त्याच्या पडद्यावर ६० हा आकडा पांढरा दिसे, म्हणून प्रत्येक डागावर ६०. आठ रात्री तो बसला. माया होती, म्हणून कंटाळा शिवला नाही. गाल स्वच्छ झाला तसं त्याने ते चित्र मूळ फाइलवरच सेव्ह केलं आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या शेजारच्या काकांना दाखवायला बोलावलं.

काका बराच वेळ पाहत राहिले. "गाल झाला, पण केस असे का रे? बाळा, चित्र राहू दे बाजूला. शून्यापासून २५५ पर्यंत एक साधी पट्टी काढ."

पट्टी डावीकडे काळी, उजवीकडे जाताना हळूहळू उजळत एकदाच पांढरी व्हायला हवी होती. ती चार वेळा पांढरी झाली. उजळायची आणि एकदम काळी पडायची, जसं पायरी चुकून कोणी खाली कोसळावं.

"६४ नंबरच्या कप्प्यात काय भरलंस?"

"६४. लाल, हिरवा, निळा, तिन्हींत ६४. करडा हवा तर तिन्ही सारखेच ना, काका?"

"सारखेच. पण मावतं किती?"

मुलाने पुस्तक उघडलं. चित्रातला आकडा म्हणजे रंग नव्हेच, तो नुसता कप्प्याचा नंबर. यंत्र त्या कप्प्याशी जातं आणि तिथे लिहिलेला लाल, हिरवा, निळा पडद्याकडे धाडतं. असे २५६ कप्पे मिळून एक कोष्टक, प्रत्येक कप्प्यात तीन आकडे, आणि आकड्याला जागा सहाच बिटांची: शून्य ते ६३. त्याहून मोठा आकडा दिला तर वरचे दोन बिट गुपचूप गळतात. ६४ चा शून्य होतो, १९१ चा ६३, १९२ चा पुन्हा शून्य. यंत्र हूं की चूं करत नाही. मला यातलं सर्वांत घातक हेच वाटतं. चूक ओरडली असती तर पहिल्याच रात्री सापडली असती.

"चित्र खोटं वाटलं की आधी आपलं कोष्टक तपासावं," काका म्हणाले. "चित्राला हात लावायचा तो त्यानंतर."

दुरुस्ती एका ओळीची निघाली: कप्प्यात भरण्याआधी आकड्याला चारने भागायचं. शिवाय काकांनी त्याला पडदा रंगवणारा किरण तळाकडून पुन्हा वर जाऊ लागेपर्यंत थांबायला लावलं, कारण मधेच कोष्टक बदललं तर पडद्यावर पांढरे कण उडू शकतात. पट्टी एका दमात काळ्यातून पांढऱ्यात गेली. मुलगा हसला. मग त्याने आजीची फाइल उघडली.

केस आले, नथ आली, पातळाच्या घड्या आल्या. आणि गालावर, आठ रात्री जिथे जिथे त्याची बोटं फिरली होती तिथे तिथे, काळपट डाग. नीट कोष्टकात ६० चे १५ झाले होते, म्हणजे जवळजवळ अंधार. पहिले डाग कोष्टकातले होते, पुसले गेले. हे त्याने स्वतः चित्रात घातले होते.

काका काही बोलले नाहीत. मुलगा उठला, खुर्चीवर चढला, भिंतीवरची आजीची तसबीर उतरवली आणि तिच्या पाठीमागच्या चुका एकेक करून, काच तडकू नये अशा बेताने काढू लागला.